नेरो ऐकताना अंगावर काटा का येतो? एका साउंडवाल्याचं उत्तर

परभणीच्या एका विद्यार्थ्याने मला विचारलंय. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे तो. प्रश्न थोडक्यात असा: "काका, मी नेरो नावाचा इंग्लंडचा डबस्टेप ग्रुप ऐकतो. हेडफोनवर ऐकलं की अंगावर काटा येतो. तेच गाणं घरी मोबाईलवर लावलं की बाबा म्हणतात, मिक्सरमध्ये खडा अडकलाय का बघ. मला यात एवढं काय आवडतं आणि त्यांना काहीच का पोहोचत नाही? आणि गॅदरिंगला हे वाजवायचं असेल तर काय काळजी घ्यावी?"

लातुरात बावीस वर्षं साउंडचा धंदा करतोय. लग्नं, गणपती, गॅदरिंग, हरिनाम सप्ताह, सगळीकडे माझे स्पीकरचे डबे गेलेत. रात्री वर्कशॉपचं शटर ओढून घेतलं की मी स्वतःसाठी जे लावतो, त्यात नेरो बरीच वर्षं आहे. त्यामुळे जरा लांबण लागेल, पण नीट सांगतो.

आधी तुझ्या बाबांची बाजू घेतो. त्यांनी ते गाणं खरंच ऐकलेलं नाही. मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. दोन-तीनशे हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला दोन-तीनशे कंपनांच्या, खाली त्याचा जीव संपतो. डबस्टेप म्हणजे खोल बेसवर उभं असलेलं यंत्रांचं नाचसंगीत, त्याचा जीव असतो साधारण चाळीस ते साठ हर्ट्झमध्ये. पन्नास हर्ट्झच्या एका लाटेची लांबी जवळपास सात मीटर भरते, म्हणजे बावीस-तेवीस फूट. तुमची बैठकीची खोलीसुद्धा बहुधा तेवढी लांब नसेल. ही लाट मोबाईलमधून निघतच नाही. बाबांच्या वाट्याला शेंगेचं टरफल आलं, दाणा आतच राहिला. टरफल चावून कुणाला चव कळणार?

तरीही तुला मोबाईलवर थोडा बेस "असल्यासारखा" वाटत असेल, कारण तुझ्या कानाला मूळ गाणं पाठ आहे आणि शिवाय कानाची एक खोड आहे. पन्नासचा मूळ सूर गाळला आणि तीनशे, साडेतीनशे, चारशेचे वरचे सूर तेवढे ठेवले, तरी मेंदू पन्नासचा सूर आपल्या मनाने भरून काढतो. नेरोसारखे लोक बेसवर मुद्दाम खरखर चढवतात ती या वरच्या सुरांसाठीच. ती खरखर बाबांना मिक्सरमधल्या खड्यासारखी लागली. खाली पाया असता तर तीच खरखर त्यांना वाघाच्या गुरगुरण्यासारखी लागली असती.

आता लयीकडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे.

डबस्टेपची लय बहुतेक वेळा मिनिटाला १४० मात्रांच्या आसपास असते. आकडा ऐकून वाटतं, केवढी धावपळ असेल. पण टाळी, म्हणजे ड्रमचा तो कडक स्नेअर, चार मात्रांत एकदाच पडतो, तिसऱ्या मात्रेवर. दोन टाळ्यांमध्ये जवळजवळ पावणेदोन सेकंद जातात. पायाला वाटतं लय ७० ची आहे, कानाला वर झांजेची किणकिण १४० ने, कधी तिच्या दुपटीने ऐकू येते. एकाच वेळी सावकाश आणि वेगात. आपल्या मिरवणुकीच्या गाण्यांत प्रत्येक मात्रेला ठोका असतो, धप धप धप धप. तिथे अंगाला विचार करायला जागाच नसते. डबस्टेपमध्ये दोन ठोक्यांच्या मध्ये मोठं मोकळं अंगण आहे, आणि त्या अंगणात बेस फिरतो.

हे मला कुणा इंग्रज डीजेने शिकवलं नाही. औसा तालुक्यातल्या एका गावात सप्ताहाला साउंड लावलं होतं, तिथल्या पखवाजाच्या बुवांकडून कळलं. हरिपाठाच्या आधी बुवा पखवाज लावत बसले होते आणि मी माइक लावायला शेजारी टेकलो होतो. त्यांनी कणकेचा ओला गोळा डाव्या तोंडाच्या मधोमध ठेवला, अंगठा पाण्यात बुडवून तो मधून कडेकडे दाबत नेला, मग तळव्याने एक थाप मारून कान खाली नेला. मान हलवली. हरभऱ्याएवढी चिमूट काढून बाजूच्या ताटलीत टाकली. पुन्हा थाप. पुन्हा एक चिमूट. चौथ्या थापेला माझ्या हातातल्या माइकच्या दांड्याला ती जाणवली. बुवा म्हणाले, "कणीक जास्ती झाली की आवाज बसतोय, कमी पडली की टणटण करतोय. मधी एकच जागा हाय." तोवर मी बारा-तेरा वर्षं बेसची बटणं फिरवत होतो, पण त्या एका जागेसाठी एवढा वेळ दिलेला मी पहिल्यांदाच बघितला.

दोनेक महिन्यांनी बुवा दवाखान्याच्या कामासाठी लातूरला आले आणि चहाला माझ्या वर्कशॉपवर थांबले. मी नेरोचं 'प्रॉमिसेस' लावलं. आवाज फार ठेवला नव्हता, पण दोन अठरा इंची बेस जमिनीवर नीट बसवलेले होते. बुवांनी बेसच्या प्लायवर उजवा तळवा ठेवला आणि डाव्या हाताच्या पेरांवर मात्रा मोजायला सुरुवात केली. गाणं संपल्यावर म्हणाले, "सम सापडली रे. पण पोरांनी खाली लई लांब ठेवलीय."

डबस्टेपवर मी बरंच वाचलंय, व्हिडिओ पाहिलेत, पण त्याच्या आकर्षणाचं इतकं नेमकं वर्णन मला दुसरीकडे मिळालेलं नाही. आपला सोळा मात्रांचा तीनताल घे. त्याची पहिली मात्रा ही सम. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. नववी मात्रा ही खाली. पुढे दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत डग्ग्याचा, म्हणजे तबल्यातल्या डाव्या, खर्जाच्या वाद्याचा, घुमारा बंद असतो, फक्त उजवा टिचत राहतो. चौदाव्याला 'धिं' आलं की डग्गा पुन्हा उघडतो आणि ऐकणाऱ्याची मान आपोआप हलते. तबलजी रोज हेच करतो: बेस काढून घेतो, तुला त्याची उणीव भासू देतो आणि समेच्या जरा आधी परत देतो. डबस्टेपवाले ज्याला ड्रॉप म्हणतात, तो याच जातीचा. फरक एवढाच की तबलजी चार मात्रा बेस काढतो आणि नेरो सोळा-सोळा आवर्तनं काढून ठेवतो. १४० च्या लयीत चार मात्रांची सोळा आवर्तनं म्हणजे सत्तावीस सेकंद. एवढा वेळ पायाखालची जमीन काढून घ्यायची आणि माणसाला जागेवर उभं ठेवायचं, यात त्यांची कारागिरी आहे.

त्या सत्तावीस सेकंदांत काय होतं ते नीट ऐक. बेस नाही. वर लांब ताणलेले सूर आणि बाईचा आवाज. मग स्नेअर सुरू होतो, आधी मात्रेला एक, मग दुगुन, मग चौगुन. सूर हळूहळू वर चढत जातात. शेवटच्या मात्रेला सगळंच थांबतं. कधी अर्धा सेकंद, कधी त्याहून थोडं जास्त, निव्वळ शांतता. आणि मग बेस येतो. तुझ्या अंगावरचा काटा बेसच्या जोराने येत नाही, त्या अर्ध्या सेकंदाने येतो. खात्री करायची असेल तर गाणं थेट ड्रॉपवर नेऊन सुरू कर. आवाज तेवढाच असेल, काटा येणार नाही.

आता तो "वाँव वाँव" बेस. इंग्रजीत त्याला वॉबल म्हणतात. डग्गा वाजवणारा मनगटाची टाच चामड्यावर दाबून पुढे सरकवतो आणि सूर खालून वर घसरतो. ढोलकीवाले त्यालाच घिस्सा म्हणतात. वॉबल हा मशीनने घेतलेला घिस्साच वाटतो, पण यंत्रात काम थोडं वेगळ्या तऱ्हेने चालतं. सिंथेसायझरमधून एक जाडजूड, वरच्या सुरांनी भरलेला आवाज काढायचा. तो एका चाळणीतून, म्हणजे फिल्टरमधून सोडायचा. चाळणी मिटली की फक्त खालचा घुमारा बाहेर येतो, उघडली की वरची सगळी खरखर सुटते. ही उघडझाप हाताने करायची नाही, तालाला बांधलेल्या दुसऱ्या एका मंद लाटेकडे सोपवायची. मात्रेला दोन वेळा, तीन वेळा, चार वेळा. तोंडाने "ऊ" म्हणत म्हणत सावकाश "आ" कर आणि परत "ऊ" वर ये. तू आत्ता जे केलंस तोच वॉबल. तोंडाची पोकळी हीसुद्धा फिल्टरच आहे. म्हणून चांगला डबस्टेप बेस बोलल्यासारखा वाटतो. शब्द नसतात, पण स्वर असतात.

उत्तम बनवणारे या उघडझापेचा वेग प्रत्येक आवर्तनात बदलतात. दोन मात्रा सरळ, मग तिस्र, म्हणजे मात्रेला तीन, मग एकदम चौपट, मग एक मात्रा गप्प. नुसता एकाच वेगाने हलणारा वॉबल म्हणजे एकाच सुरावर अडकलेली पेटी. इंटरनेटवर तसला माल ढिगाने पडलाय आणि त्यानेच डबस्टेपचं नाव खराब केलं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुझ्या नेरोकडे येतो. हे तिघं. डॅन स्टीफन्स आणि जो रे हे संगीत बांधणारे, अलाना वॉटसन ही गाणारी. लंडनमध्ये २००४ च्या सुमारास सुरुवात केली, आधी ड्रम अँड बेस करायचे, ते १७० च्या पुढच्या धावत्या लयीचं. पुढे डबस्टेपकडे वळले. २०११ च्या ऑगस्टमध्ये 'प्रॉमिसेस' हे गाणं आणि 'वेलकम रिअॅलिटी' हा त्यांचा पहिला अल्बम, दोन्ही ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच गाण्याचं स्क्रिलेक्स या अमेरिकी डबस्टेपवाल्यासोबत केलेलं रीमिक्स २०१३ च्या ग्रॅमी पुरस्कारांत सर्वोत्तम रीमिक्स ठरलं. अल्बमची कल्पना २८०८ सालात घडते, विज्ञानकथेसारखी. बीबीसी फिलहार्मोनिकच्या वाद्यवृंदासोबत त्यांनी डबस्टेपची एक सिंफनीही केली. हे सांगतोय ते मिरवायला नाही. या लोकांच्या डोक्यात नुसता धडाका नाही, मोठा पट आहे, हे तुझ्या लक्षात यावं म्हणून.

नेरोची ताकद कशात आहे? माझ्या कानाला दोन गोष्टी लागतात. पहिली, अलानाचा आवाज. बेस राक्षसासारखा आणि तिचा गळा स्वच्छ, वरच्या पट्टीत, जरा दुरून हाक मारल्यासारखा. मधला पट्टा बराचसा मोकळा सोडलेला. वरचं आणि खालचं यांच्यात एवढं अंतर ठेवलं की दोन्ही मोठी वाटतात. तुळजापूरच्या गोंधळात संबळ खणखणत असतो, घुमत असतो आणि त्यावरून तुणतुण्याची बारीक तार सलग ऐकू येते. संबळ कितीही जोरात असला तरी ती तार बुडत नाही, कारण तिची जागा वेगळी आहे. अलानाचा आवाज तसा बसवलाय.

दुसरी गोष्ट सिंथेसायझरचे ते रुंद, चकाकणारे सूर. तुझ्या घरी किंवा गावच्या मंदिरात दुहेरी सुरांची पेटी असेल तर एक पट्टी दाबून बघ. दोन पात्या एकमेकींपासून केसभर ढळलेल्या असतात, म्हणून आवाज जिवंत, थरथरता येतो. सिंथेसायझरमध्ये एकाच सुराच्या पाच-सात प्रती घेऊन त्या थोड्या थोड्या ढळवतात आणि डाव्या-उजव्या कानात पसरवतात. ड्रॉपच्या आधी छाती भरून आल्यासारखं वाटतं ते यामुळे. नेरोला १९८० च्या दशकातल्या त्या सिंथ आवाजांचं वेड आहे आणि ते लपत नाही.

मुळात हे संगीत आलं कुठून, तेही थोडं जाणून घे. जमैकात रस्त्यावर भलेमोठे स्पीकर रचून नाचायची रीत, साउंड सिस्टिम म्हणतात तिला. ती तिथल्या लोकांबरोबर इंग्लंडला गेली. जमैकाच्या किंग्स्टनमध्ये किंग टबीसारख्या साउंडवाल्यांनी गाण्यातला गळा काढून टाकून फक्त ढोल, बेस आणि प्रतिध्वनी शिल्लक ठेवायचा प्रकार रूढ केला, त्याचं नाव डब. त्या डबचा मोकळेपणा आणि लंडनच्या गराज संगीताचा टू-स्टेप ताल एकत्र आला, म्हणून डबस्टेप. २००० च्या आगेमागे दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागात बिग ॲपल नावाच्या रेकॉर्डच्या दुकानाभोवती जमणाऱ्या पोरांनी तो घडवला. स्क्रीम, बेंगा ही त्यातलीच, तेव्हा अगदी मिसरूड फुटायच्या वयाची. ब्रिक्स्टनच्या डीएमझी नावाच्या रात्रींचं बोलावणंच असं असायचं की या, बेसच्या वजनावर ध्यान लावा. अंधार, गर्दी आणि छातीवर बसणारा बेस. रेकॉर्ड फार आवडली की लोक ओरडायचे आणि डीजे ती उलटी फिरवून पुन्हा पहिल्यापासून लावायचा. आपल्याकडे नाट्यगीताला "वन्स मोअर" मिळतो, तसाच.

तो जुना डबस्टेप फार संथ आणि अंधारा होता. मोबाईलवर तर जवळजवळ ऐकूच येत नाही. २०१० नंतर स्क्रिलेक्स, नेरो वगैरेंनी बेसचा मधला भाग पुढे आणला, गुरगुर वाढवली आणि तो लॅपटॉपच्या स्पीकरवरही कळायला लागला. तिथून तो जगभर आणि तुझ्यापर्यंत पोहोचला. जुने लोक याला बाटलेला डबस्टेप म्हणतात. मला ते पटत नाही. नेरोच्या गाण्यात खाली शाबूत आहे आणि माझ्या लेखी तेवढं पुरे. भारतातही न्यूक्लिया, म्हणजे उदयन सागर, याने बेसमध्ये आपल्या बँडबाजाचे आणि रस्त्यावरच्या ढोलांचे आवाज आणले. २०१५ मध्ये त्याने 'बास रानी' हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत लोकांसमोर ठेवला. जागा अगदी योग्य निवडली, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

आता गॅदरिंगचं. इथे लक्ष दे, कारण इथे मी स्वतः पैसे घालवलेत.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मैदानावर पोरांच्या आग्रहाने मी डबस्टेपचे सलग पाच-सहा तुकडे लावले. आमचे डबे मिरवणुकीच्या ठोक्यासाठी बनलेले. ठोका म्हणजे काय, क्षणभर धक्का आणि मग विश्रांती. तेवढ्यात स्पीकरची कॉईल, म्हणजे पडदा हलवणारं तारेचं वेटोळं, थोडी थंड होते. डबस्टेपचा बेस मात्र लांबच लांब धरून ठेवलेला असतो, कॉईलला उसंत नाही. वर पोरं सांगतायत, काका वाढवा, आणि मशीनचा, म्हणजे अॅम्प्लिफायरचा, लाल दिवा सारखा पेटतोय. चौथ्या गाण्याला मला जळक्या वार्निशचा वास आला. तो वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही. दोन बेसच्या कॉईली गेल्या. शिवाय जनरेटरपासून स्टेजपर्यंत ओढलेली वायर बारीक होती, त्यामुळे प्रत्येक वॉबलला स्टेजचे दिवे मंद-तेज व्हायला लागले. पोरांना वाटलं लायटिंगचा कार्यक्रम चाललाय.

त्यातून शिकलो ते तुला देतो. तुमच्या साउंडवाल्याला आधीच सांग की हे ठोक्याचं संगीत नाही, धरलेल्या बेसचं आहे, म्हणजे तो मशीन आणि बेस त्या हिशेबाने आणेल. पस्तीस हर्ट्झच्या खालचं सगळं क्रॉसओव्हरवरून, म्हणजे सूर वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या यंत्रावरून, कापायला सांग. होल असलेला डबा ठराविक सुराच्या खाली गेला की कोनला, म्हणजे स्पीकरच्या पडद्याला, आतल्या हवेचा आधार राहत नाही, तो नुसता आत-बाहेर फडफडतो आणि फाटतो. ऐकायला तिथे काही नसतंच. मिक्सरवर बेसचं बटण वाढवू नका. गाणं बनवणाऱ्याने बेस आधीच पुरेसा भरलाय, तुम्ही वाढवला तर कणीक जास्त झाली म्हणून समज. मशीनचा लाल दिवा अधूनमधून लुकलुकला तर ठीक, टिकून राहिला तर आवाज कमी, वाद नको. आणि गाणी विकत घेतलेली, पूर्ण दर्जाच्या फाइलची असू द्या. व्हॉट्सअॅपवरून पाच हातांतून फिरलेली फाइल मोठ्या सिस्टिमवर लगेच उघडी पडते, झांजा पाण्यात बुडवून वाजवल्यासारख्या लागतात.

बेस स्टेजच्या दोन टोकांना वाटून ठेवायची आपली सवय आहे, दिसायला छान दिसतं म्हणून. दोन टोकांवरून निघालेल्या लांब लाटा मैदानात काही ठिकाणी एकमेकींना मारतात. एका जागी बेस छातीवर बसतो आणि दोन पावलं सरकलं की गायब. सगळे बेस मधोमध, एकमेकांना चिकटवून, जमिनीवर ठेवायला सांग. तेवढेच डबे, तेवढीच वीज, आणि फरक तुला पहिल्या गाण्यात कळेल.

कार्यक्रम पत्र्याच्या शेडमध्ये असेल, आणि आपल्याकडे बहुतेक असतोच, तर आदल्या दिवशी जाऊन पत्रा बोलतो का ते बघ. तीस ते शंभर हर्ट्झपर्यंत सावकाश चढणारा एकच सूर लावायचा, त्याची फाइल सहज मिळते. कुठल्या तरी सुराला छताचा एखादा पत्रा करकर करायला लागतो. माझ्या वर्कशॉपचा पत्रा त्रेपन्नला बोलतो. तो सूर इक्वलायझरवर थोडा खाली घ्यायचा, किंवा पत्रा आणि पाइप यांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे सारायचे. नाहीतर सगळी मेहनत पत्र्याच्या खडखडाटाखाली जाते.

आवाजाची मर्यादा हा विषय मी कधीच टाळत नाही, कारण माझ्याच धंद्यातल्या चांगल्या पोरांना चाळिशीत कानात सतत सूं-सूं ऐकू येताना पाहिलंय. ८५ डेसिबल आवाजात आठ तास, हा कानाचा सुरक्षित हिशेब मानतात. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला तुझ्याकडे पंधरा मिनिटं उरतात. कानात घालायचे फोमचे छोटे बोळे मेडिकलमध्ये मिळतात. ते घातले तरी बेस अंगातून जाणवतोच, वरची चिरचिर मात्र बरीच कमी होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे परवानगी लागते, रात्री १० नंतर उघड्यावर स्पीकर बंद करावे लागतात, आणि दवाखाने, शाळा-कॉलेजं, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. खालचे सूर भिंतीतून जातात, दारं-खिडक्या लावून थांबत नाहीत. कॉलेजच्या मागे कुणी म्हातारं माणूस झोपलेलं असतं. सिस्टिम चांगली लावली तर डबस्टेपला प्रचंड आवाज लागतच नाही. त्याचा परिणाम खालीतून येतो, हे वर सांगितलंच.

आणखी एक अडचण येईल. आपल्या पोरांचे पाय मात्रेला ठोक्याची वाट बघतात. पहिल्याच गाण्याला अर्ध्या लयीचा ड्रॉप आला की काही जण उभेच राहतात, नाचायचं कसं ते कळत नाही. यावर मला सापडलेला उपाय हलगी आहे. परभणीत हलगीवाले चांगले आहेत, दोघांना बोलाव. हलगी वरच्या दुपटीत धावते, खाली बेस सावकाश चालतो, आणि दोन्ही एकाच मात्रेवर भेटतात. ज्याला वेगात नाचायचंय तो हलगीवर नाचतो, ज्याला डोलायचंय तो बेसवर डोलतो. फक्त त्यांना एक गोष्ट पक्की सांगून ठेव: ड्रॉपच्या आधीच्या आवर्तनाला हलगी पूर्ण थांबवायची. हात वर करून खूण कर. मात्रा मोजून समजावत बसू नको, ते दोन वेळा ऐकून पकडतात.

बाबांनाही बोलाव. त्यांना डब्यांसमोर उभं करू नको, मिक्सरच्या टेबलामागे एक खुर्ची दे. साउंडवाला आवाज तिथे बसून लावतो, त्यामुळे मैदानात सगळ्यात नेमकं तिथेच ऐकू येतं. 'प्रॉमिसेस' लाव, अलानाचा आवाज सुरू झाला की आजूबाजूची बडबड थांबव, काही समजावून सांगू नको. शेवटच्या आवर्तनाला, सगळं थांबतं त्या क्षणी, त्यांचा हात टेबलावर आहे का बघ.